चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

दिवस राहण्याच्या प्रयत्नात असलेल्या वाचकांच्या पत्रांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: तारखांचा घोळ आणि रिपोर्टची धास्ती. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वीर्य-भ्रूण प्रयोगशाळा सांभाळणारे एक भ्रूणतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझं वय २९. गेले सात महिने आमचे प्रयत्न चालू आहेत. पाळी ३३ ते ३६ दिवसांनी येते. मोबाइलमधलं ॲप चौदाव्या दिवसावर ठिपका दाखवतं, म्हणून बारा ते सोळा हे दिवस आम्ही चुकवत नाही. मिस्टरांना आठवड्याआड नाइट असते, त्यामुळे इतर दिवशी जमतंच असं नाही. तरी दिवस राहत नाहीत. मग चुकतंय कुठे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तारखेत. बीजांड फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा असतो, आणि एकाच बाईच्या बाबतीत तो महिन्या-महिन्याला फारसा हलत नाही. लांबतो किंवा आखडतो तो त्याआधीचा, बीजांड पिकण्याचा काळ. म्हणून हिशोब येणाऱ्या पाळीपासून मागे करायचा. ३३ मधून १४ गेले १९. ३६ मधून १४ गेले २२. तुमचं बीजांड साधारण १९ ते २२ या दिवसांत फुटत असणार. चौदावा दिवस हा २८ दिवसांनी पाळी येणारीचा; बरीच ॲप नीट आकडे भरेपर्यंत तोच गृहीत धरतात.

आता दुसरा भाग. फुटलेलं बीजांड १२ ते २४ तासच टिकतं. शुक्रजंतू मात्र, स्राव अनुकूल असेल तर, आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता बीजांड फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, अशी सहाच दिवसांची असते. त्यातही फुटण्याआधीचे दोन दिवस सगळ्यात भरवशाचे. ‘बीजांड फुटल्याची खात्री झाली की मग’ असं म्हणत थांबणारी जोडपी गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचतात. तुमच्या बाबतीत ३३ दिवसांच्या महिन्यात हे सहा दिवस १४ ते १९ असतात, म्हणजे तुमचे बारा ते सोळा त्याला कडेने शिवतात. ३६ दिवसांच्या महिन्यात ते १७ ते २२ असतात, आणि तेव्हा तुम्ही अख्खा महिना हुकवता.

तेव्हा तेराव्या ते बाविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. रोज ठेवले तरी बिघडत नाही. ‘साठवून’ ठेवल्याने शुक्रजंतूंचा जोर वाढतो ही समजूत खोटी आहे. बरेच दिवस साठवले तर उलट त्यांची हालचाल मंदावते. नाइटवरून आल्यावर सकाळी संबंध आले तरी चालतं, वेळेला महत्त्व नाही.

पैसे न खर्चता कळणारी खूण म्हणजे स्राव. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं, मग पांढरट, दाट, चिकट स्राव येतो, आणि बीजांड फुटायच्या सुमारास तो पारदर्शक आणि निसरडा होतो. लघवीला जाण्याआधी टिश्यूने पुसून दोन बोटांत धरून पाहा. दोन-तीन सेंटिमीटर ताणला तरी तुटला नाही, तर तुमचे दिवस चालू आहेत. संबंधानंतरच्या सकाळी मात्र ही खूण धरू नका, वीर्याने फसायला होतं.

केमिस्टकडची ओव्ह्युलेशनची पट्टी वापरायची असेल तर पंधराव्या दिवसापासून रोज करा. गरोदरपणाच्या चाचणीसारखी सकाळची पहिली लघवी घेऊ नका. ही पट्टी जे पकडते ते एलएच नावाचं संप्रेरक बहुधा पहाटे वाढायला लागतं आणि लघवीत उतरायला काही तास जातात, म्हणून दुपारची किंवा संध्याकाळची, रोज साधारण त्याच वेळची लघवी घ्या. आधी दोन तास पाणी बेताचं प्या, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी उमटते. आणि फिकी रेघ म्हणजे इथे निगेटिव्ह! चाचणीची रेघ शेजारच्या कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. तशी दिसली की २४ ते ३६ तासांत बीजांड फुटायचा संभव असतो; तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका. पाच पट्ट्यांचं पाकीट तुमच्या पाळीला अपुरं पडेल, सुट्या पट्ट्या घ्या. पीसीओडी (बीजांडं नीट न पिकल्याने पाळी लांबण्याचा त्रास) असेल तर ही पट्टी अनेकदा फसवी रेघ दाखवते. सकाळचं तापमान लिहून ठेवायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. ते बीजांड फुटून गेल्यावर वाढतं, म्हणजे त्या महिन्यापुरता त्याचा उपयोग नाही.

आणखी एक. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बीजांड फुटल्यावर वाढतं; त्याच्या तपासणीच्या चिठ्ठीवर सरसकट ‘डे २१’ लिहिलेलं असतं. ही तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. ३५ दिवसांच्या पाळीत तो दिवस येतो अठ्ठाविसावा. एकविसाव्या दिवशी रक्त दिलंत तर आकडा कमी येईल आणि ‘बीजांडच फुटत नाही’ असा शिक्का विनाकारण बसेल. योग्य दिवशी तो ३ नॅनोग्रॅमच्या वर आला तर बीजांड फुटलं.

पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर वाट पाहिली तरी चालते. पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीनंतर लगेच तपासणी. पण पाळी सतत ३५ दिवसांच्या पुढे जाऊ लागली तर वर्ष पुरं होण्याची वाट बघू नका.

प्रश्न : माझं वय ३४. वीर्यतपासणीत व्हॉल्युम १.८ मिली, काउंट ११ मिलियन, एकूण हालचाल ३५ टक्के, पुढे जाणारे २४ टक्के, नॉर्मल आकाराचे ३ टक्के, असं आलं. म्हणजे ९७ टक्के शुक्रजंतू खराब? नमुना घरीच घेतला आणि लोकलने दादरच्या लॅबला नेला, पोचेपर्यंत दोन तास झाले. महिनाभर आधी डेंग्यूचा ताप होता. लॅबमधल्या माणसाने ‘आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लागेल’ असं सांगितलं. — एक वाचक, विरार

उत्तर : एका रिपोर्टवर कुणालाही काही सांगू नये, आणि या रिपोर्टवर तर नाहीच.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या किमान पातळ्या अशा: व्हॉल्युम १.४ मिली, एका मिलीत १६ मिलियन, संपूर्ण नमुन्यात ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ४ टक्के ही किमान पातळी, म्हणजे ज्यांना मुलं झाली अशा पुरुषांतही बहुसंख्य शुक्रजंतू कडक निकषांनी ‘वेड्यावाकड्या’ आकाराचे निघतात. तुमचे ३ टक्के त्या पातळीच्या किंचितच खाली आहेत. या पातळ्या बायकोला वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून काढल्या आहेत आणि त्यांतले तळाचे पाच टक्के या रेषेखाली येतात, तरीही ते बाप झालेच. तेव्हा ही रेषा पास-नापासची नाही.

तुमच्या रिपोर्टात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे काउंट: ११ गुणिले १.८, म्हणजे संपूर्ण नमुन्यात जेमतेम २० मिलियन. याला ताप कारणीभूत असू शकतो. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि बाहेर येईपर्यंतच्या प्रवासात आणखी काही दिवस जातात. आज दिलेला नमुना म्हणजे गेल्या तीन महिन्यांचा हिशोब, आणि त्यात तुमचा डेंग्यू आहे. हालचाल कमी दिसण्याचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे, ते म्हणजे दोन तासांचा प्रवास. उशिराने काउंट घटत नाही, हालचाल घटते.

ताप उतरल्यापासून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा, आणि ती अशी:

शेवटच्या वीर्यपतनानंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस मध्ये जाऊ द्या. शक्यतो लॅबमधल्या खोलीतच नमुना द्या. घरीच घ्यायचा असेल तर विरार-वसईतलीच लॅब निवडा, कारण तासाभरात, जमलं तर अर्ध्या तासात नमुना टेबलावर हवा. डबी लॅबने दिलेलीच वापरा आणि नेताना ती शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा. फ्रिज, बर्फ, एसीचा झोत काही नको. साबण, तेल, थुंकी, क्रीम वापरायचं नाही. साधा कंडोम वापरून नमुना घ्यायचा नाही, त्याला लावलेल्या द्रव्यांनी शुक्रजंतू मरतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिले थेंब डबीत पडले पाहिजेत, सर्वाधिक शुक्रजंतू त्यांतच असतात. ते सांडले असतील तर लाजू नका, काउंटरवर सांगा. रिपोर्टात तशी नोंद होते, नाहीतर तुमच्या नावावर खोटा कमी काउंट चढतो.

पत्रात नाही, पण विचारायलाच हवं: जिममध्ये कुणी इंजेक्शन देतं का? टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो आणि काउंट शून्यावरही येतो. ‘ताकद कमी आहे’ म्हणून काउंट वाढवायला हेच इंजेक्शन लिहून दिलेलं आम्ही पाहतो. तो सरळसरळ उलटा उपचार आहे. बंद केल्यावर काउंट बहुधा परततो, पण काही महिने ते वर्षभर लागू शकतं. तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद करा आणि लॅपटॉप मांडीवरून टेबलावर ठेवा.

दुसऱ्यांदाही काउंट कमीच आला तर आयव्हीएफ सेंटरच्या आधी युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे जा. हाताने तपासणी, व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) आहे का ते पाहणं, एफएसएच (बीजनिर्मितीला चालना देणारं मेंदूतलं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी, हा क्रम. तपासल्याशिवाय सहा-सहा महिने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेत बसू नका.

प्रश्न : पीसीओडी आहे, वय ३१, वजन ७२ किलो, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. डॉक्टरांनी लेट्रोझोल दिली. पाकिटातला कागद वाचला तर ती स्तनाच्या कॅन्सरची गोळी निघाली! सासूबाई म्हणतात, असली औषधं नकोच. — एक वाचक, मुलुंड

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे, पण गोळी बरोबर आहे. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन बनणं काही दिवस रोखते. इस्ट्रोजेन कमी पडलं की मेंदू जास्त एफएसएच सोडतो आणि त्याने बीजांडाची पिशवी वाढते. कॅन्सरमध्ये हेच रोखणं वर्षानुवर्षं चालू ठेवतात; इथे फक्त पाच दिवस. २००५ साली एका परिषदेत मांडलेल्या छोट्याशा अभ्यासाने जन्मजात दोषांची भीती निर्माण केली. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली आणि २०१७ मध्ये ती उठली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत दोष वाढल्याचं दिसलं नव्हतं. गर्भ रुजेपर्यंत गोळी अंगातून जवळपास निघून गेलेली असते. आज पीसीओडीत बीजांड फुटण्यासाठी पहिली गोळी हीच मानतात, आणि तिच्याने जुळ्यांची शक्यता क्लोमिफेन या जुन्या गोळीपेक्षा कमी असते.

घेण्याची पद्धत: पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून, रोज २.५ मिलिग्रॅम, पाच दिवस. पाळी आली नसेल तर आधी घरी गरोदरपणाची चाचणी करा, निगेटिव्ह असेल तरच डॉक्टर पाळी आणायच्या गोळ्या देतील. दहाव्या-अकराव्या दिवसापासून सोनोग्राफीने फॉलिकल, म्हणजे बीजांडाची ती पिशवी, मोजतात. ते दिवसाला साधारण २ मिलिमीटर वाढतं आणि १८ च्या पुढे गेलं की पिकलं. अकराव्या दिवशी ते ११ मिलिमीटर असेल तर घाबरू नका. गोळी लागू पडली नाही असं लगेच ठरत नाही, चार-पाच दिवसांनी पुन्हा बघतात. फोडण्याचं इंजेक्शन दिलं तर साधारण ३६ तासांनी बीजांड फुटतं. हे इंजेक्शन म्हणजे गरोदरपणाच्या चाचणीत दिसणारंच संप्रेरक. म्हणून त्यानंतर १४ दिवसांच्या आत चाचणी केलीत तर दोन रेघा इंजेक्शनमुळेही येतात आणि घरात पेढे वाटले जातात.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना विचारा. पतीची वीर्यतपासणी झाली का? ती न करता सहा महिने बायकोला गोळ्या देणं हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर पाहिली का? वजनाचं म्हणाल तर ५ टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. तुमच्या बाबतीत ते साडेतीन किलो होतात, वीस नव्हेत.

प्रश्न : एचएसजीमध्ये (औषध आत सोडून काढलेल्या नळ्यांच्या एक्स-रेमध्ये) दोन्ही नळ्या गर्भपिशवीच्या तोंडाशीच बंद दिसल्या. टीबी-पीसीआर पॉझिटिव्ह आहे म्हणून एकेटी (क्षयाची औषधं) सुरू करायला सांगितलं. मला कधी खोकलासुद्धा नाही. — एक वाचक, चेंबूर

उत्तर : जननमार्गाचा क्षयरोग खोकला न येताही होतो, आणि आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. तरी तुमच्या दोन्ही निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह आहे.

नळी गर्भपिशवीपाशी बंद दिसली तर कधी कधी तो नुसता आकस असतो. औषध आत सोडताना दुखतं, स्नायू आवळतात आणि नळीचं तोंड मिटतं. म्हणून तपासणीआधी तासभर दुखणं कमी करणारी गोळी देतात आणि औषध हळू सोडतात. ही तपासणी रक्तस्राव थांबल्यावर, सहसा सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. नळ्या खरोखर बंद आहेत का हे दुर्बिणीतून रंग सोडून नक्की कळतं, आणि त्याच वेळी क्षयाच्या खुणाही डोळ्यांनी दिसतात.

पीसीआर जंतूच्या डीएनएचा तुकडा पकडतं; ते मेलेल्या जंतूचंही असू शकतं, किंवा नमुना दूषित झाल्यामुळेही येऊ शकतं. फक्त त्यावर किमान सहा महिने यकृतावर ताण आणणारी औषधं सुरू करण्याआधी कल्चर (जंतू वाढवून पाहणं), बायोप्सी किंवा दुर्बिणीतला पुरावा मागा. नळीत पाणी भरल्याचं, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स असल्याचं निघालं, तर आयव्हीएफआधी ती नळी काढावी किंवा बांधावी लागते, कारण ते पाणी गर्भपिशवीत उतरून गर्भ रुजण्याची शक्यता बरीच घटवतं.

प्रश्न : वय ३३, पाळी नियमित, प्रयत्नांना आठ महिने. एएमएच १.१ आला आणि ‘ताबडतोब आयव्हीएफ’ असं सांगितलं. — एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : एएमएच हा रक्ततपासणीतला आकडा बीजांडांचा साठा सांगतो, दर्जा नाही, दर्जा मुख्यतः वयावर असतो. इंजेक्शनांनी किती बीजांडं मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो, पण नैसर्गिकपणे दिवस राहायला महिन्याला एकच बीजांड लागतं. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएमएच कमी असणाऱ्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. तुमच्या आकड्याचा अर्थ एवढाच की वेळ दवडू नका. वर्ष पुरं व्हायची वाट न बघता वीर्यतपासणी आणि नळ्यांची तपासणी याच महिन्यात उरका. दोन्ही ठीक असतील तर आयव्हीएफ ही पहिली पायरी नाही.

खर्चाची काळजी असेल तर परळचं केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं या प्राथमिक तपासण्यांसाठी आहेत. परळलाच राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेची वंध्यत्वाची ओपीडी आहे. केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सरकारी दवाखाना म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

थोडक्यात

संबंधानंतर वीर्य बाहेर येतं. उशी घेऊन पाय भिंतीला लावायचे का? (ठाणे) नको. शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भपिशवीच्या तोंडातल्या स्रावात शिरतात. बाहेर येतो तो बाकीचा द्रव. कोरडेपणासाठी थुंकी किंवा तेल वापरू नका, शुक्रजंतूंना अनुकूल असं लिहिलेलं जेल मिळतं.

फॉलिक ॲसिड किती? (बोरिवली) रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत. बाळाच्या मणक्याची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेकींना पाळी चुकल्याचंही जाणवत नाही. केमिस्ट सहज हातात ठेवतो ती ५ मिलिग्रॅमची गोळी मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल त्यांच्यासाठी. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. फॉलिकच्या मोठ्या डोसाने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता लपून राहते.

लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी राहून गेली. (उल्हासनगर) आता करा, दिवस राहण्याआधी. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा समाजांत याचे वाहक जास्त आढळतात. एकाचं एचबी-ए२ (वाहक ओळखण्याची रक्ततपासणी) आधी बघा. तो वाहक निघाला तरच दुसऱ्याचं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, पण आधी माहीत असलं तर मार्ग आहेत.

मुलगा व्हावा म्हणून कोणते दिवस? (नाव-गाव नाही) असे दिवस नसतात. लिंगनिवड आणि गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. या सदरात याहून जास्त उत्तर मिळणार नाही.

चाचणी कधी करावी? (दहिसर) पाळी चुकल्याच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या लघवीने. गर्भ बीजांड फुटल्यापासून सहा ते दहा दिवसांनी रुजतो आणि संप्रेरक त्यानंतर वाढतं, त्यामुळे चार दिवस आधी आलेली एकच रेघ काहीच सांगत नाही. दोन रेघा आल्या आणि पोटात एका बाजूला दुखू लागलं, थोडं अंगावर गेलं किंवा खांद्याच्या टोकाला कळ आली, तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.